कॅफर कॉर्न : ज्वारीच्या वंशावळीतली एक शिवी

कॅफर कॉर्न हे ज्वारीच्या एका मोठ्या वंशाचे जुने इंग्रजी नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभर वर्षे ते दक्षिण आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या शेतीच्या पुस्तकांत, बियाण्यांच्या सूचिपत्रांत आणि बाजारभावांच्या तक्त्यांत सर्रास छापले जात होते. यातला ‘कॉर्न’ म्हणजे धान्य. ‘कॅफर’ ही दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला गोऱ्यांनी दिलेली सर्वांत जिव्हारी लागणारी शिवी आहे. ती आज तिथे उच्चारली, तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो. एकाच शब्दाने पीकही ओळखले जाई आणि ते पीक पिकवणाऱ्याचा पाणउताराही होई.

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडवणी लागते. या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द कधी आला नाही. त्या नावाची ज्वारी मात्र त्याच्या वावरात आली. साठ आणि सत्तरच्या दशकांत मराठवाड्यात खरिपाला पेरल्या जाणाऱ्या संकरित ज्वारीच्या मादी वाणाचे नावच ‘कम्बाइन कॅफर-६०’ असे होते. गावात तिला नुसते ‘हायब्रीड’ म्हणत. ‘यंदा हायब्रीड पेरलं’ म्हटले की ज्वारीच, हे वेगळे सांगावे लागत नसे. पिशवीवर ‘सीएसएच-१’ छापलेले असे आणि मूळ नाव संशोधन केंद्राच्या वहीत राही. त्यामुळे या नावाचा प्रश्न आफ्रिकेइतकाच बालाघाटच्या पायथ्याचाही आहे.

‘काफिर’ हा मूळ अरबी शब्द. त्याच्या धातूचा अर्थ झाकणे. सत्य झाकणारा, म्हणजे न मानणारा, तो काफिर, हा धर्मशास्त्रातला अर्थ सर्वांना ठाऊक असतो. त्याच धातूवरून जुन्या अरबीत शेतकऱ्यालाही काफिर म्हणत, कारण तो बी मातीने झाकतो. ही गोष्ट भारतात फारशी सांगितली जात नाही. शब्दाच्या पुढच्या प्रवासात हा शेतीचा अर्थ पुसला गेला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापार करणारे अरब तिथल्या बिगरमुस्लीम लोकांना काफिर म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द ‘काफ्रे’ म्हणून उचलला. डच आणि इंग्रजांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला तोवर धर्माशी त्याचा संबंध उरला नव्हता. काळ्या कातडीचा आफ्रिकी माणूस एवढाच अर्थ शिल्लक होता.

पश्चिम भारतात हा शब्द दोन वाटांनी पोचला. पहिली वाट गोव्याची. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून गुलाम आणले आणि कोकणीत ‘खाप्री’ हा शब्द रुळला. काळ्यासावळ्या माणसाला हिणवण्यासाठी तो अजूनही वापरला जातो. कारवारला याच नावाच्या देवाची, खापरी देवाची, जत्रा भरते आणि लोक त्याला नवस बोलतात. एकच शब्द एका ठिकाणी हिणवण्याचा आणि दुसऱ्या ठिकाणी हात जोडण्याचा झाला. श्रीलंकेत पुत्तलमजवळ राहणारी आफ्रिकी वंशाची छोटी जमात तर स्वतःला काफिर म्हणवते आणि तिच्या ठेक्यावरून एका संगीतप्रकाराला ‘काफ्रिन्हा’ हे नाव पडले आहे. शब्दाची धार ज्या समाजात तो फिरतो त्यावर ठरते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

दुसरी वाट दख्खनची. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हा मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे राज्य चालवू लागला. त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले, आणि त्याची जमीन महसुलाची पद्धत मराठवाड्यात त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ चांगल्या अर्थाने आठवली गेली. मराठी कागदपत्रांत अशा आफ्रिकींना ‘हबशी’ किंवा ‘सिद्दी’ म्हटले आहे. १६१७ साली अंबरला भेटलेल्या पीटर फान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याने मात्र त्याचे वर्णन लिहिताना ‘काफिर’ हाच शब्द वापरला. तोच माणूस इथल्या रयतेच्या लेखी मलिक होता आणि युरोपीय व्यापाऱ्याच्या वहीत काफिर. मराठवाड्याच्या जमिनीची प्रतवारी लावून सारा ठरवणाऱ्या माणसावर पडलेले हे नाव साडेतीनशे वर्षांनी त्याच जमिनीत बियाण्याच्या वंशावळीतून उतरले. हा निव्वळ योगायोग आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकाने तो नोंदवायला हवा.

खुद्द ज्वारीही आफ्रिकेचीच. सुदानच्या पूर्व भागात ती माणसाळवली गेली असे पुरातत्त्वाचे पुरावे सांगतात. भारतात तिचे अवशेष इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकापासूनचे सांगितले जातात. तिचा दुसरा प्रवास दक्षिणेकडे झाला. बांटू भाषा बोलणारे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेकडे सरकत गेले आणि त्यांनी बरोबर नेलेल्या ज्वारीतून तिथल्या हवेला मानवणारा एक स्वतंत्र वंश घडला. त्याची कणसे लांबट आणि ताटे जाड रसाळ असतात. हे काम त्या शेतकऱ्यांनी, विशेषतः बियाणे निवडून राखणाऱ्या बायकांनी, केले. त्यांच्याकडे त्या धान्याला स्वतःची नावे होती आणि आहेत. झुलू भाषेत ‘अमाबेले’, खोसा भाषेत ‘अमाझिंबा’, त्स्वाना आणि सोथो भाषांत ‘माबेले’. युरोपीय वसाहतवाल्यांनी यातले एकही नाव घेतले नाही. ‘काफिरांचे धान्य’ म्हणून ते मोकळे झाले. या धान्याची पारंपरिक आंबूस दारूही मग ‘कॅफर बीअर’ झाली.

वनस्पतिशास्त्राने या नावावर लॅटिनचा शिक्का मारला. १९३६ साली जे. डी. स्नोडेन यांनी लागवडीखालच्या ज्वाऱ्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात हा वंश ‘सोर्घम कॅफ्रोरम’ म्हणजे ‘काफिरांची ज्वारी’ या प्रजातीनामाखाली मांडला. १९७२ साली जॅक हार्लन आणि डी वेट यांनी स्नोडेन यांची गुंतागुंतीची मांडणी सोडून सगळ्या लागवडीच्या ज्वाऱ्या एकाच प्रजातीत घातल्या आणि तिचे पाच मूळ वंश मानले : बायकलर, गिनी, कॉडॅटम, कॅफिर आणि दुर्रा. ही मांडणी आजही जगभर चालते. वडवणी परिसरात रब्बीला होणारी मालदांडी दुर्रा वंशाची आहे. ‘दुर्रा’ हा शब्दही अरबी, पण त्याचा संबंध धान्याशीच आहे आणि त्याने कोणाला कमीपणा येत नाही.

अमेरिकेत कॅफर ज्वारी १८७६ साली पोचली. फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात नाताळ वसाहतीने मांडलेल्या नमुन्यांतून तिचे बी तिथे गेले. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास या कोरड्या पट्ट्यात मक्याला पाणी पुरत नसे आणि ही ज्वारी तग धरी. कॅन्ससमधल्या एल डोराडो गावाने १९११ साली तिच्या नावाने ‘कॅफर कॉर्न कार्निव्हल’ भरवला. तिथले गोरे शेतकरी हा शब्द शिवी म्हणून वापरत नव्हते. अनेकांना त्याचा अर्थही माहीत नसावा. अमेरिकी कृषिखात्याने स्पेलिंगमधला एक ‘एफ’ काढून शब्द थोडा वेगळा केला आणि तो पिकाचे साधे नाव म्हणून रूढ झाला. शिवी आपल्या जन्मगावापासून दूर गेली की बोथट होते, हे इथे दिसते. ज्याच्या नावाने ती दिली गेली त्याच्या कानावर मात्र ती त्याच धारेने पडत राहते, आणि नावाबद्दलचा निर्णय करताना त्याच्या कानाला अधिक वजन असले पाहिजे.

टेक्सासच्या संशोधकांनी याच वंशातून यंत्राने कापता येतील असे बुटके वाण तयार केले. ते यंत्र म्हणजे कम्बाइन, म्हणून ‘कम्बाइन कॅफर-६०’. पुढची पायरी मोठी होती. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. त्यामुळे संकर करायचा तर एकेका फुलातले पुंकेसर हाताने काढावे लागत, आणि शेतभर बियाणे तयार करण्यासाठी ते अशक्य होते. १९५४ साली स्टीफन्स आणि हॉलंड यांनी दाखवून दिले की ‘मिलो’ जातीच्या ज्वारीचा पेशीद्रव आणि कॅफर ज्वारीचे केंद्रक एकत्र आणले तर झाडाचे परागकण वांझ होतात, पण मादी भाग शाबूत राहतो. अशा नरवंध्य ओळीशेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी पेरल्या की वाऱ्याने संकर आपोआप होतो. जगातला संकरित ज्वारीचा सगळा धंदा या मिलो-कॅफर जोडीवर उभा राहिला.

भारतात ही पद्धत साठच्या दशकाच्या सुरुवातीला आली. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने ज्वारीच्या संकरावर काम सुरू झाले. डॉ. एन. गंगाप्रसाद राव हे या कामातले अग्रणी. १९६४ साली भारताचे पहिले संकरित ज्वारीचे वाण, सीएसएच-१, प्रसारित झाले. त्याची मादी कम्बाइन कॅफर-६० आणि नर आयएस-८४. हे वाण बुटके होते, लवकर येत होते आणि खत दिले तर उतारा भरपूर देत होते. महाराष्ट्रातल्या खरीप ज्वारीचे चित्र त्याने पालटले.

त्याच सुमाराला मराठवाड्यात कॅफरच्या जोडीदाराचेही नाव पोचले. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी रेशनवर मिळाली. तिला लोक ‘मिलो’च म्हणत. तिची भाकरी थापताना तुटायची, चवीला तुरट लागायची, तरी दुष्काळी कामावरून आलेल्या माणसांनी ती खाल्ली. तो दुष्काळ पाहिलेल्या बीड जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना हे नाव अजून आठवते. म्हणजे संकराच्या जोडीतले एक नाव ताटात आले आणि दुसरे वावरात. पहिले सर्वांच्या तोंडी बसले, दुसरे कोणालाच कळले नाही.

हायब्रीडचे दोषही लवकर दिसले. दाणे भरण्याच्या वेळी परतीचा पाऊस आला की कणसे बुरशीने काळी पडत आणि त्या ज्वारीला आडतीत भाव मिळत नसे. ताट बुटके, म्हणून कडबा कमी. ज्या घरात बैलजोडी आणि दुभते आहे त्या घराला दाण्याइतकीच वैरणीची गरज असते, हे प्रयोगशाळेच्या हिशेबात सुरुवातीला नव्हते. शिवाय भाकरी. मालदांडीच्या टपोऱ्या, पांढऱ्या, चमकदार दाण्याच्या भाकरीपुढे हायब्रीडची भाकरी फिकी पडे. रब्बीत तर कॅफर रक्ताच्या संकरांचा निभाव लागला नाही. खोडमाशी त्यांना लवकर पोखरी आणि थंडीत व जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर वाढण्याची देशी ज्वारीची ताकद त्यांच्यात नव्हती. म्हणून रब्बीच्या शाळूत आजही मोहोळच्या केंद्रात गेल्या शतकाच्या पूर्वार्धात निवडलेली मालदांडी ३५-१ आणि तिच्या वळणाची वाणे टिकून आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी मोती’ हे त्यातलेच.

मराठीत ‘हायब्रीड’ या शब्दाचेही पुढे तेच झाले जे इंग्रजीत कॅफरचे झाले होते, अर्थात फार सौम्य प्रमाणात. दिसायला भरदार पण आतून पोकळ, अशा अर्थाने तो माणसांना लावला जाऊ लागला. ‘हायब्रीडची पिढी’ हा टोमणा खेड्यात अजून ऐकू येतो. त्याचा रोख वयावर असतो, जातीवर किंवा वंशावर नसतो, म्हणून तो सुसह्य आहे. पण आंतरजातीय विवाहातून झालेल्या मुलाला हाच शब्द लावला जातो, तेव्हा तो सुसह्य राहत नाही. पिकाच्या भाषेत माणसाचे कूळ काढण्याची सवय किती सहज लागते, ते यातून कळते.

दक्षिण आफ्रिकेत मूळ शब्दाचा निकाल न्यायालयांनी लावला. सत्तरच्या दशकातच तिथल्या न्यायालयाने हा शब्द वापरणे ही माणसाच्या प्रतिष्ठेला इजा आहे असे मानले होते. वर्णभेदी राजवटीनंतर २००० साली समानतेचा स्वतंत्र कायदा झाला. २०१८ साली काळ्या पोलिसांवर या शिवीचा भडिमार करणाऱ्या एका गोऱ्या स्त्रीला तुरुंगवासाची शिक्षा झाली. दरम्यान ‘कॅफर बीअर’ आधी ‘बांटू बीअर’ आणि मग ‘सोर्घम बीअर’ झाली. ज्वारीचे पीठ तिथल्या दुकानांत आता ‘माबेले’ नावाने मिळते. पिकवणाऱ्यांचे स्वतःचे नाव शेवटी पाकिटावर आले, ही या इतिहासातली सर्वांत समाधानाची गोष्ट.

त्याच देशात उलट दिशेचाही वाद आहे. ‘बोअर’ म्हणजे डच भाषेत शेतकरी. डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांनी ते नाव अभिमानाने लावले आणि वर्णभेदाच्या काळात काळ्यांच्या तोंडी तेच नाव जुलमी सत्तेचे झाले. बोअरांना मारण्याची भाषा असलेले लढ्यातले गाणे द्वेषमूलक आहे की ऐतिहासिक, यावर २०११ आणि २०२२ साली न्यायालयांनी परस्परविरुद्ध निर्णय दिले. पुढच्या अपिलांत ते द्वेषमूलक नसल्याचा निर्णय कायम राहिला. दोन्ही शब्दांना एकाच मापाने मोजता येत नाही. एकाने सत्ताहीनांना खाली दाबले, दुसरा सत्ताधाऱ्यांविरुद्धच्या रागातून आला.

या शिवीत भारतीयही सहभागी होते, हे सांगणे भाग आहे. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध भारतीय मजूर नेले गेले. गोरे त्यांना ‘कुली’ म्हणत. हा शब्द तमिळमधल्या मजुरीवाचक शब्दावरून आला की पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळी जमातीच्या नावावरून, यावर एकमत नाही. त्याचा वापर मात्र निःसंशय अपमानाचा होता. मोहनदास गांधींना तिथे ‘कुली बॅरिस्टर’ म्हटले गेले. त्याच गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या लिखाणात आफ्रिकींसाठी ‘काफिर’ हा शब्द वारंवार येतो, आणि भारतीयांना त्यांच्या बरोबरीने वागवले जाते ही तक्रारही येते. पुढे त्यांचे विचार बदलले, पण ते लिखाण राहिले. २०१८ साली घानाच्या विद्यापीठातला त्यांचा पुतळा याच कारणाने हलवला गेला. स्वतः अपमान सोसणारा समाज दुसऱ्याच्या अपमानाचा शब्द किती सहज उचलतो, याची ही नोंद झाकून ठेवण्याजोगी नाही.

मॉरिशसमध्ये, जिथे मराठी कुटुंबेही करारबद्ध होऊन गेली, मजूर उतरवण्याच्या धक्क्याचे जुने नाव ‘कुली घाट’ होते. तो आता ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. महाराष्ट्राने असेच पाऊल डिसेंबर २०२० मध्ये उचलले. वस्त्यांना आणि रस्त्यांना असलेली जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावे देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. गावकुसाबाहेरच्या वाड्याला जातीचे नाव देणे आणि आफ्रिकी धान्याला शिवीचे नाव देणे या दोन्हींमागे एकच सवय आहे : माणसाचे नाव न विचारता त्याच्यावर नाव टाकणे.

धान्याच्या मानाचा प्रश्नही याला चिकटून आहे. भारताच्या सरकारी भाषेत ज्वारी-बाजरी ही ‘भरड धान्ये’ होती. भरड म्हणजे गरिबाची, असा अर्थ आपोआप निघे. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने त्यांना ‘पौष्टिक धान्ये’ म्हणून अधिसूचित केले, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले आणि ‘श्री अन्न’ हे नाव प्रचारात आले. नव्या नावामुळे शहरात ज्वारीला भाव आला. वडवणीसारख्या तालुक्यात मात्र खरिपाची ज्वारी कापूस आणि सोयाबीनने केव्हाच मागे ढकलली होती. जमीन थोडी आणि पाणी नाही अशी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. तिथे नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते आणि एकट्या मजुराला ‘अर्धा कोयता’. अवजाराच्या नावाने माणूस मोजणे ही शिवी नाही. पण त्या मोजणीत माणूस दिसेनासा होतो, आणि त्याबद्दल धान्याच्या नावापेक्षा अधिक बोलले गेले पाहिजे.

नामांतराची सर्वांत अलीकडची घडामोड वनस्पतिशास्त्रातली आहे. जुलै २०२४ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत, दक्षिण आफ्रिकेतले संशोधक गिडियन स्मिथ आणि एस्त्रेला फिगेरेदो यांच्या प्रस्तावावरून, ‘कॅफ्रा’ हे विशेषण असलेल्या दोनशेहून अधिक वनस्पतींची नावे ‘आफ्रा’ अशी बदलण्याचा निर्णय मतदानाने झाला. बाजूने ३५१ आणि विरोधात २०५ मते पडली. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की वैज्ञानिक नाव स्थिर राहिले पाहिजे, एकदा दार उघडले की अंत नाही. हा मुद्दा टाकाऊ नाही. पण या प्रस्तावात रोमन लिपीतले ‘सी’ हे एक अक्षर काढले की अर्थ ‘आफ्रिकेचा’ होतो आणि जुना संदर्भही सापडतो. इतक्या थोड्या किमतीत इतका मोठा अपमान दूर होत असेल तर स्थिरतेचा आग्रह पोकळ ठरतो. ‘कॅफर लाइम’ नावाच्या लिंबाचेही ‘मकरूत’ हे नाव आता रूढ होत आहे. ब्रिटनमधल्या वेट्रोज या दुकानसाखळीने २०२२ मध्ये ते बदलले.

ज्वारीच्या वंशाचे नाव मात्र या निर्णयाच्या कक्षेत येत नाही. हार्लन आणि डी वेट यांचे पाच वंश ही अनौपचारिक वर्गवारी आहे आणि नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता तिला लागू होत नाही. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतल्या जनुकपेढीत ज्वारीचे चाळीस हजारांहून अधिक नमुने आहेत आणि त्यांची वर्गवारी याच पाच वंशांनी केली जाते. कम्बाइन कॅफर-६० सारखी वाणांची नावेही वंशावळीच्या नोंदींत तशीच आहेत. ती नोंदींतून खोडणे चुकीचे होईल, कारण मग सीएसएच-१ कुठून आले ते शोधता येणार नाही. नव्या पाठ्यपुस्तकांत आणि विस्तार पुस्तिकांत ‘दक्षिण आफ्रिकी वंश’ असे म्हणून जुने नाव एकदा संदर्भासाठी द्यावे, एवढे मात्र सहज करता येते. त्यासाठी कोणत्याही परिषदेच्या मतदानाची गरज नाही. परभणी, राहुरी आणि हैदराबादच्या ज्वारी संशोधकांनी पुढच्या आवृत्तीत तसे छापले, तर ते पुरेसे आहे.